१२ आणि ८ मिळून १२८ पुरणपोळ्या: पायथनचा ‘टाइप’ वर्षभर वापरल्यावर

ठाण्यात पाचपाखाडीला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. मी, दोन मदतनीस (एक कळव्याहून येते, एक लोकमान्यनगरातून) आणि डबे पोचवणारा एक मुलगा, एवढाच पसारा. लोक मिक्सरचं परीक्षण लिहितात, घरघंटीचं लिहितात. मी पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या एका शब्दाचं लिहिते आहे. शब्द आहे ‘टाइप’. समोरची गोष्ट आकडा आहे, मजकूर आहे की आणखी काही, हे तो सांगतो. फुकट मिळतो, ओट्यावर जागा अडवत नाही, आणि गेल्या वर्षीच्या होळीला तो मला ठाऊक असता तर माझी पावणेआठ किलो हरभऱ्याची डाळ वाचली असती.

झालं असं. ऑर्डरी आम्ही पूर्वी वहीत घ्यायचो. मग फोनवरच्या फॉर्मवर घ्यायला लागलो: नाव, इमारत, सकाळच्या पोळ्या, संध्याकाळच्या पोळ्या. गिऱ्हाइकाने फॉर्म भरला की शीटमध्ये एक ओळ पडते. त्या शीटची सीएसव्ही फाइल उतरवून घ्यायची, पायथनच्या पाच-सहा ओळींनी प्रत्येक घराची सकाळ अधिक संध्याकाळ करायची आणि डब्यावर लावायच्या चिठ्ठ्या छापायच्या, इतपत मी शिकले होते. स्टेशनजवळच्या एका क्लासला चार रविवार घालवून शिकले होते. क्लासचं नाव लिहीत नाही, पण तिथे डेटा टाइप, म्हणजे माहितीचे प्रकार, हा विषय चहाच्या सुट्टीआधी दहा मिनिटांत उरकला होता आणि सरांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

होळीच्या आदल्या दिवशी यादी छापली. ४१ घरं. बहुतेकांना एकाच वेळच्या पुरणपोळ्या हव्या होत्या, त्यांच्या चिठ्ठ्या अगदी बरोबर आल्या. चार घरांनी दोन्ही वेळच्या सांगितल्या होत्या. १२ आणि ८ वाल्या घराच्या चिठ्ठीवर १२८ आलं. ५ आणि ५ चं ५५. ६ आणि ४ चं ६४, ७ आणि ३ चं ७३. रात्रीचे साडेदहा वाजले होते, हात पिठाचे, मी चिठ्ठ्या समोर ठेवून कॅल्क्युलेटरवर बेरीज मारली. म्हणजे चूक मी स्वतःच्या हाताने, काळजीपूर्वक पुढे नेली. या चार घरांच्या ५० पोळ्या व्हायच्या, त्या ३२० धरल्या. आमच्या मापाने किलोभर डाळीच्या ३५ पोळ्या होतात. करा हिशोब. डाळ भिजत पडली.

सकाळी सहाला चिठ्ठ्या लावता लावता कळव्याची आमची बाई थांबली. “ताई, घंटाळीच्या आजोबांकडे दोघंच ना हो? ५५ खाणार कोण?”

पुढचे दोन दिवस सगळ्या डब्यांत वाटली डाळ गेली आणि तिसऱ्या दिवशी डाळवडे. गिऱ्हाइकं खूश होती, हा भाग वेगळा.

माझा भाचा ऐरोलीला राहतो, प्रोग्रामर आहे. शनिवारी ट्रान्सहार्बरची गाडी पकडून ठाण्याला येतो, मावशीकडे जेवतो आणि वर डबाही नेतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, टाइप विचारलास का?”

“कुणाला?”

“पोळ्यांना.”

मग त्याने माझ्या लॅपटॉपवर एक ओळ लिहिली: प्रिंट, कंसात टाइप, त्याच्या कंसात सकाळ. उत्तर आलं: क्लास ‘स्ट्र’. स्ट्र म्हणजे स्ट्रिंग, अक्षरांची माळ. मी ज्याला बारा समजत होते ती पायथनच्या लेखी एक आणि दोन अशी शेजारी बसलेली दोन अक्षरं होती. आकड्यांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की तो बेरीज करतो, माळांमध्ये आलं की एकीला दुसरी जोडतो. १२ पुढे ८, झाले १२८. त्याचं काही चुकलेलं नव्हतं. बाकीच्या ३७ चिठ्ठ्या बरोबर का आल्या तेही तेव्हा कळलं: त्यांची एक वेळ रिकामी होती, आणि माळेला रिकामी माळ जोडली तर आहे तीच माळ राहते. म्हणून तर मला संशय आला नाही. सगळंच चुकलं असतं तर रात्रीच लक्षात आलं असतं.

शीटमध्ये आकडा उजवीकडे सरकून बसतो आणि मजकूर डावीकडे, तेवढी तरी खूण असते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. त्यात ती खूण उरत नाही, आणि पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल मुळात सगळं स्ट्रिंग म्हणूनच हातात देतं. (शीटमध्येही टाइप नावाचं सूत्र आहे. आकडा असेल तर १ सांगतं, मजकूर असेल तर २. शीटची खोड उलटी: बेरजेच्या सूत्रात मजकुराचा खण आला तर गुपचूप सोडून देते. म्हणजे पायथनमध्ये पोळ्या जास्त झाल्या, शीटमध्ये कमी झाल्या असत्या.)

आता वस्तूबद्दल.

टाइप वापरायला सोपा आहे. ज्या नावात काय आहे अशी शंका येईल ते नाव त्याच्या कंसात टाकायचं. पूर्णांक असेल तर इंट, दशांश असेल तर फ्लोट, मजकूर असेल तर स्ट्र, यादी असेल तर लिस्ट, खरं-खोटं असेल तर बूल, आणि काहीच नसेल तर ननटाइप. उत्तर त्या क्षणाचं असतं, हे मात्र ध्यानात ठेवायचं. पायथनमध्ये प्रकार नावाला चिकटलेला नसतो, त्या नावाखाली ठेवलेल्या वस्तूला असतो. स्टीलच्या डब्यावर ‘साखर’ लिहिलेलं असतं आणि आत रवा निघतो, हे ज्या घरात होतं त्या घरातल्या बाईला वेगळं समजावायला नको. टाइप झाकण उघडून आत बघतो.

त्याने मला सगळ्यात सुंदर पकडून दिलेली चूक एका स्वल्पविरामाची आहे. पायथनमध्ये नावं देवनागरीत देता येतात, त्यामुळे मी सरळ ‘दर’ असं नाव ठेवलं होतं आणि साध्या पोळीचा दर ११ लिहिला होता. ती ओळ मी दुसऱ्या एका यादीतून उचलली होती, तिच्या मागून स्वल्पविरामही आला: दर बरोबर ११, आणि पुढे तो स्वल्पविराम. कुठे लाल रेघ नाही, तक्रार नाही. सहा पोळ्यांचं बिल करायला गेले तर एकूण रकमेच्या जागी कंसात ११, ११, ११, ११, ११, ११ असं छापून आलं. अर्धा तास मी गुणाकाराच्या ओळीकडे बघत बसले. गुणाकारात काय चुकणार? शेवटी दरालाच टाइप विचारला. उत्तर: टपल. आकड्यामागे स्वल्पविराम आला की पायथन त्याची एका वस्तूची पुडी बांधतो, तिला टपल म्हणतात. पुडी गुणिले सहा म्हणजे सहाजणांची एक पुडी. तो स्वल्पविराम स्क्रीनवर मुंगीएवढा दिसतो आणि माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. टाइपला चष्मा लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती कुठल्याही इंग्रजी धड्यात मला सापडली नव्हती, गिऱ्हाइकांमुळे कळली. आमच्याकडे निम्मे लोक फोनवर मराठी कीबोर्ड वापरतात. ते पोळ्या इंग्रजी आकड्यांत लिहीत नाहीत, मराठी आकड्यांत लिहितात. मला वाटलं आता प्रत्येक अंक बदलत बसावं लागणार. टाइप विचारला तर तोही स्ट्रच. पण तो मराठी ‘२५’ इंटच्या कंसात टाकला आणि पायथनने निमूट पंचवीस हा आकडा परत दिला! ‘२.५’ फ्लोटला दिला तर अडीचही होतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांच्या सामायिक यादीत, दशमान अंक म्हणून जे अंक नोंदले आहेत ते सगळे त्याला चालतात. भाचा जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतला, त्याला विश्वास बसेना. त्याने तिथे करून पाहिलं, तिथे ‘नॅन’ आलं, म्हणजे ‘हा आकडा नव्हे’. आणि त्या नॅनचा टाइप विचारला तर जावास्क्रिप्ट सांगते, नंबर. हा आकडा नव्हे आणि त्याचा प्रकार आकडा. मी त्याला म्हटलं, तुझ्या भाषेत तू राहा, मी माझ्या.

अर्थात पायथनचं हे मराठीप्रेम अवतरणचिन्हांच्या आतलंच. प्रोग्राममध्ये नुसतं पोळ्या बरोबर २५ असं मराठी आकड्यांत लिहिलं तर तो ताबडतोब सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांची चूक, दाखवतो. नाव मराठी चालतं, आकडा इंग्रजीच हवा. आणि ½ हे एकच चिन्ह कुणी फोनवरून टाकलं तर इंट आणि फ्लोट दोघंही हात वर करतात. अर्धा किलो भाजीची ऑर्डर देणाऱ्या एक मॅडम नेमकं तेच टाकतात.

इथवर पाचपैकी पाच तारे. आता कुरकूर.

होळीनंतर मी पेटून उठले आणि सगळ्या खणांना इंट लावलं. पहिल्याच रिकाम्या खणावर प्रोग्राम कोसळला: व्हॅल्यू एरर. रिकाम्या माळेचा पूर्णांक होत नाही. मग मी मध्ये तपासणी घातली, की टाइप इंट असेल तरच पुढे जा. ती भाजीवर अडली, कारण भाजी ०.५ किलोही असते आणि ती फ्लोट. मग दोन तपासण्या, मध्ये ‘किंवा’. प्रोग्राम माझ्या सासूबाईंच्या सोवळ्यासारखा झाला, याला शिवायचं नाही, त्याला शिवायचं नाही.

भाच्याने पुढच्या शनिवारी ते सगळं पुसून इझइन्स्टन्स लिहिलं. नाव अवघड आहे, काम सोपं. टाइप विचारतो, तू कोण? इझइन्स्टन्स विचारतो, तू यांच्यातला आहेस का? आणि ‘यांच्यात’ एकापेक्षा जास्त प्रकार एकदम देता येतात: वजन हे इंट किंवा फ्लोट यांच्यातलं आहे का. पूर्वी ते प्रकार कंसात स्वल्पविराम देऊन लिहावे लागायचे, २०२१ मध्ये आलेल्या पायथनच्या ३.१० आवृत्तीपासून मध्ये नुसती उभी रेघ दिली तरी चालतं. शिवाय एखादा प्रकार दुसऱ्याच्या पोटातून निघालेला असेल तर इझइन्स्टन्स त्याला आपला म्हणतो. टाइपची बरोबरी करून पाहिली तर तो अगदी स्वतःच्याच नावाला ओळखतो, लेकराबाळांना नाही.

यात एक खोच आहे आणि ती मला आवडली. बूल, म्हणजे खरं-खोटं, हा पायथनमध्ये इंटचा पोटप्रकार आहे. २००३ साली आलेल्या २.३ या आवृत्तीत त्याला स्वतंत्र नाव मिळालं, त्याआधी लोक १ आणि ० वरच भागवायचे. त्यामुळे ‘ट्रू’ हे इंट आहे का असं इझइन्स्टन्सला विचारलं तर तो हो म्हणतो. पोळ्यांच्या जागी चुकून ट्रू आलं तर एक पोळी धरली जाईल. पण हाच दोष मी हजेरीला वापरते. दोघी बायकांच्या महिन्याच्या हजेरीत आली असेल तर ट्रू, नसेल तर फॉल्स, आणि महिनाअखेरीला यादीची सरळ बेरीज. २४ आलं की २४ दिवस. एकही जास्तीची ओळ लागत नाही. रंगपंचमीला दोघीही आल्या नव्हत्या, ते दोन फॉल्स अजून तिथे आहेत.

मोठी कुरकूर मात्र पांडाबद्दल आहे. (पांडाज म्हणायचं म्हणे. आम्ही पांडाच म्हणतो.) मोठ्या याद्या हाताळायचं ते तयार साधन भाच्याने पायथनला जोडून दिलं. ते फाइल उघडतानाच खणांचे प्रकार स्वतः ओळखतं, म्हणजे १२८ चा प्रश्न मिटला. पण एखाद्या रकान्यात एक जरी खण रिकामा असला तर अख्खा रकाना फ्लोट होतो, कारण रिकाम्या जागेसाठी ते जे नॅन ठेवतं ते फ्लोट असतं. परिणाम काय, तर एके दिवशी झाडून सगळ्या डब्यांवर ‘१२.० पोळ्या’, ‘६.० पोळ्या’ अशा चिठ्ठ्या गेल्या. राम मारुती रोडवरच्या एका काकांनी फोन करून विचारलं, “पॉइंट शून्य पोळी वेगळी लावता का?” आणि रिकामी जागा भरून पूर्णांक केले तरी संपत नाही. त्या रकान्यातला एक आकडा काढून इझइन्स्टन्सला विचारलं, हा इंट का, तर नाही म्हणतो. टाइप विचारला तर दिसतं की तो नमपायचा, म्हणजे पांडा ज्याच्यावर उभं आहे त्या साधनाचा, इंट६४ आहे, पायथनच्या घरचा इंट नव्हे. दिसायला सख्खा, कागदोपत्री परका. म्हणून आमच्या घरात दोन्ही लागतात: दारावर उभा करायला इझइन्स्टन्स आणि तो कुणाला का आत सोडत नाही हे बघायला टाइप.

टाइप हिंट नावाचा एक प्रकार आहे, तो विकत घेतल्यासारखा वाटतो आणि घरी आल्यावर खोका रिकामा निघतो. २०१५ च्या ३.५ आवृत्तीत तिचे नियम नीट ठरले आणि २०१६ च्या ३.६ पासून साध्या नावापुढेही अपूर्णविराम देऊन प्रकार लिहिण्याची सोय झाली. मी हौसेने लिहिलं: पोळ्या, अपूर्णविराम, इंट. आणि खाली मुद्दाम त्यात ‘बारा’ असा शब्द भरला. पायथनने ब्र काढला नाही. ती नुसती पाटी आहे. चालताना तो ती वाचून कुणाला अडवत नाही. मायपाय नावाचं वेगळं साधन चालवलं तर ते आधीच ओरडतं, आणि एडिटरमध्ये नावावर माउस नेला तर प्रकार दिसतो, तेवढा उपयोग आहे. भाच्याच्या ऑफिसात पाच-पन्नास जण एकाच प्रोग्रामवर बसतात, तिथे पाट्या हव्यातच. माझ्या ओट्यावर मी एकटी.

दुसरीकडे काय मिळतं हे भाच्याला विचारलं, परीक्षण लिहायचं म्हटल्यावर तुलना हवी. जावा या भाषेचं त्याने एका वाक्यात आटोपलं: तिथे प्रकार आधीच सांगावा लागतो, माझा ‘बारा’ प्रोग्राम चालायच्या आधीच परत पाठवला गेला असता. सी या भाषेत चालू प्रोग्रामला असं विचारायची सोयच नाही, प्रकार लिहिताना ठरला तो ठरला. जावास्क्रिप्टमध्ये टाइपऑफ आहे, पण यादीला विचारलं तरी ऑब्जेक्ट म्हणतं आणि ‘नल’ला, म्हणजे काहीच नसलेल्याला, विचारलं तरी ऑब्जेक्टच. ती चूक १९९५ पासूनची आहे आणि आता दुरुस्त केली तर जुनी पानं मोडतील म्हणून तशीच ठेवली आहे. यादी ओळखायला तिथे वेगळं साधन घ्यावं लागतं. त्यामानाने पायथनचा टाइप प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो.

एक तारा मी कापते, तो अशासाठी की टाइप आपण होऊन कधी बोलत नाही. विचारावं लागतं, आणि विचारायचं सुचायला आधी हात पोळावा लागतो. पाचपैकी चार. इझइन्स्टन्सला साडेचार, नाव सोपं असतं तर पाच दिले असते. टाइप हिंटला दोन, तेही भाच्याला वाईट वाटू नये म्हणून.

या वर्षीच्या होळीला यादी छापायच्या आधी मी तपासणी लावली होती. ५८ घरं. ५७ इंट झाली, मराठी आकडे, इंग्रजी आकडे, मागेपुढे मोकळी जागा सुटलेले, सगळे. एक ओळ बाहेर पडली, चरईतल्या एका काकूंची. पोळ्यांच्या खणात त्यांनी लिहिलं होतं: ‘नेहमीप्रमाणे’.

टाइप विचारला. स्ट्र.

फोन लावला. काकू म्हणाल्या, “अगं, सहा. तुला माहीत नाही का?”